उपासकाळातली कबड्डी

फेब्रुवारी उतरणीला लागला की मला एका जागी बसवत नाही. दरवर्षीचंच आहे हे. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी गॅलरीतले कपडे बघता बघता वाळतात. पश्चिमेचा वारा सुटतो. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये समुद्राचा वास यायचं खरं तर काही कारण नाही, पण मला येतो. त्या वाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास असतो, सुकेळ्यांसाठी सोलून उन्हात मांडलेल्या केळ्यांचा असतो, आणि भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतातल्या कोरड्या मातीचा असतो. लेक म्हणते, "आई, तुझं नाक अजून गावातच आहे." असेल. मी गॅलरीतून स्वयंपाकघरात जाते, स्वयंपाकघरातून परत गॅलरीत येते. जावई पेपर खाली न घेताच म्हणतात, "राखेचा बुधवार जवळ आला वाटतं." घरात कॅलेंडर लावायची गरज नाही, सासूबाई पुरे, असं त्यांचं म्हणणं आहे.

यंदा मला घरातच जोडीदारीण मिळाली. माझी नात रिया कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मोबाईलवर कसलासा लढाईचा खेळ खेळते. एकटी नाही, तिची टोळी आहे. एक नालासोपाऱ्याची, एक नागपूरची, एक दुबईत राहणारी, जिला रियाने आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. या सगळ्यांची कॅप्टन रिया. कानात ती बोंडं घालून ती घरभर फिरते आणि भिंतींवर ओरडते. "सुटं सुटं पळू नका यार! डावीकडून येतायत, कोणीतरी बघा! अगं, नेहा पडली, नेहाला रिव्हाइव्ह करा!"

मी वालाच्या शेंगा सोलत होते. "रिव्हाइव्ह म्हणजे काय गं?" म्हटलं.

"जिवंत करायचं, आजी. पडलेल्या प्लेअरला परत जिवंत करायचं."

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. हा शब्द मी कित्येक वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता, निदान या अर्थाने तरी. कबड्डीत आम्ही हेच म्हणायचो. चढाईला गेलेली पकडली गेली की बाद. बाद झालेलीने रेषेबाहेर जाऊन बसायचं. आपल्या बाजूने समोरचा गडी बाद केला की आपली एकजण जिवंत होते आणि आत येते. जी आधी बाद झाली ती आधी जिवंत. बाहेर बसलेल्या मुलीचं सगळं लक्ष आत असतं, गुडघे उभे धरून ती बसते, आणि आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघते. तसं बसण्याएवढी तगमग मी दुसऱ्या कशात पाहिलेली नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या गावात मी प्राथमिक शाळेत नुकतीच बाई म्हणून लागले होते. गावाच्या एका बाजूला केळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि मधे बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठचं शेत कापणीनंतर मोकळं झालं की मुलं तिथे चुन्याच्या रेषा मारून कबड्डी खेळायची. मुलांच्या सामन्यांना सगळा गाव लोटायचा. मुलींचं काम टाळ्या वाजवण्याचं आणि सामना संपल्यावर मैदानातल्या चपला ओळखून घरी आणण्याचं. त्या वर्षी आजूबाजूच्या गावांच्या मंडळांनी पहिल्यांदाच मुलींचे सामने ठेवायचं ठरवलं. मी डी.एड.ला असताना कबड्डी खेळले होते. शाळेच्या पडवीत ही बातमी ऐकली आणि त्या क्षणापासून माझ्या पायाला भिंगरी लागली ती लागलीच.

सात जणी पाहिजेत. सात जणी कुठून आणायच्या?

फिलू मला चर्चमध्ये सापडली. फिलोमिना तिचं नाव, आमच्या आळीच्या टोकाला राहायची, गायनमंडळात होती. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या, शेवटी 'आमेन' लांबवतात ना, तेव्हा एकेक आवाज दमून खाली बसायचा आणि फिलूचा एकटीचा छताला लागून राहायचा. गायनमंडळाचे मास्तर डोळे वटारायचे. तिला त्याचं काहीच नसे. दम होता तोवर ती गायची. एका रविवारी बाहेर तिला गाठलं आणि म्हटलं, "फिलू, तुझा दम फुकट चाललाय. चढाई करशील?" ती म्हणाली, "करीन की. पन माझ्या आयला तू विचार. मना मार नको."

हिरू आमच्या दारात आली, म्हणजे रोजच यायची. अर्नाळ्याची कोळीण, माझ्याच वयाची, डोक्यावर पाटी घेऊन पायी गावोगाव मासे विकायची. एकदा बोंबलांवरून घासाघीस चालली होती आणि मी "राहू दे, नको" म्हणत उठले, तर तिने माझं मनगट धरलं. मी ओढलं, पिळलं, दुसरा हात लावला. मनगट काही सुटेना.

"सोड गं हिरू."

"आदी भाव बोल. मंग सोडते."

भाव राहिला बाजूला, मी तिला तिथेच उजव्या कोपऱ्यात उभी केली. कोपऱ्यातल्या मुलीचं काम एवढंच असतं, आलेल्या गड्याचा पाय धरायचा आणि सोडायचा नाही. हिरूने तोंडाला पदर लावून हसून घेतलं आणि विचारलं, "मासली विकून झाल्यावर खेलवाल ना?"

मग विहिरी खणणाऱ्या घरातल्या जुळ्या बहिणी मिळाल्या, चांदीपहून मावशीकडे शिकायला आलेली शेवंती मिळाली, माझ्या चुलत बहिणीला मी दमदाटी करून आणलं, आणि सातवी मी. आणखी दोघी राखीव होत्या. प्रत्येकीच्या घरी मी बोलणी करायला जायचे, अगदी स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थासारखी. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, पिकाची चौकशी करायची, आणि मग हळूच विषय काढायचा. बाप विचारायचे, कपडे काय घालणार? मी म्हणायचे, फ्रॉकच्या खाली पायजमा. आया विचारायच्या, घरी कधी येणार? मी म्हणायचे, संध्याकाळची घंटा झाली की मी स्वतः दारापर्यंत सोडीन. आणि खरंच सोडायचे. सहा घरं करून माझ्या घरी पोचायचे तेव्हा माझी आय म्हणायची, "आली गुरं राखून."

त्या घंटेचीच एक आठवण मला कुठेही, बसमध्येसुद्धा, एकटीला हसवते. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आमच्या गावात जो जिथे असेल तिथे थांबायचा. रहाट थांबायचे, हातातलं फावडं थांबायचं, उभ्या उभ्या प्रार्थना म्हणायची आणि मग पुढच्या कामाला लागायचं. त्या दिवशी फिलू चढाईला गेली होती आणि हिरूने कोपऱ्यातून झेप घालून तिचा घोटा धरला होता. तेवढ्यात घंटा झाली. फिलूने दम सोडला आणि आडवी पडल्या पडल्याच क्रूस केला. आम्ही सगळ्या हात जोडून उभ्या. हिरू मात्र पालथी पडून तिचा घोटा घट्ट धरून राहिली. प्रार्थना संपल्यावर फिलू भडकली, "मी प्रार्थनेसाठी थांबले, बाद नाय!" हिरू म्हणाली, "तुमचा देव मोठा हाय गो, मी बी हात जोडते त्याला. पन पाय सोडनार नाय." त्यावरून जो वाद झाला तो शेवटी फादरांकडे गेला. फादर पोट धरून हसले आणि निकाल काही दिला नाही. फिलू बाद होती की नव्हती हे आजही ठरायचं आहे.

एवढं हसत होतो, तरी मी आतून सारखी कासावीस असायची. मुली जमवणं एकवेळ सोपं, टिकवणं कठीण. आणि त्या कुठे जाणार हे मला पक्कं माहीत होतं.

आमच्याकडे लग्न ठरलं की मुलाचं आणि मुलीचं नाव तीन रविवार मिस्साच्या वेळी चर्चमध्ये वाचतात. कोणाची हरकत असेल तर सांगा, म्हणून. आणि आमच्या गावचा रिवाज असा, की एकदा नाव वाचलं की मुलगी घराबाहेर पडत नाही. चर्चला जायचं आणि घरी यायचं. नाताळपासून राखेच्या बुधवारापर्यंत लग्नांचा मोसम. फादर सूचना वाचायला उभे राहिले की चर्चमधल्या बायका कान टवकारायच्या आणि मी बाकाची कड घट्ट धरायची. इतर मुली स्वतःच्या नावाला घाबरत असतील, मी माझ्या सगळ्या पोरींच्या नावांना घाबरायची. जानेवारीत माझ्या दोन्ही राखीव मुलींची नावं एका मागोमाग एक वाचली गेली. लोक त्यांना शुभेच्छा देत होते आणि मी बाहेर चिंचेखाली चरफडत उभी होते. शरम वाटायची मला माझीच. पोरींचा संसार मांडतोय आणि मला माझे गडी मोजायचे पडलेत.

सामने ठरले होते ते नेमके त्या मोसमात. तेव्हा माझ्या डोक्यात कल्पना आली. उपासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस, आमच्यात लग्नं होत नाहीत. मी फादरांकडे गेले.

"फादर, मुलींचे सामने ईस्टरनंतर ठेवा ना. मोसमात घरोघरी लग्नं, मुली मोकळ्या कुठे सापडतात?"

फादरांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि ईस्टरनंतर सापडतील?"

"चाळीस दिवस कोणाचं लग्न होत नाही. चाळीस दिवस माझ्या पोरी सुखरूप. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी खेळून टाकू."

फादर काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "बघतो मंडळांशी बोलून." मंडळं तयार झाली. मी घरी आले ती उड्या मारत. जन्मापासून त्या चर्चमध्ये बसलेली मी, आणि एवढं साधं मला सुचू नये! ईस्टर झाल्याबरोबर ज्यांची लग्नं, त्यांची नावं उपासकाळाच्याच रविवारी वाचणार. मी माझा संघ लग्नाच्या मोसमातून उचलून नेमका नावं वाचायच्या मोसमात नेऊन ठेवला होता.

पण हे कळायचं होतं. तोवर आम्ही उपासकाळातली कबड्डी खेळलो. दुःखाचा काळ, त्यात आरडाओरडा नको, असं आळीतल्या म्हाताऱ्यांनी बजावलं होतं. खेळणं बंद करा असं स्पष्ट कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून आम्ही आवाज बंद केला. 'कबड्डी कबड्डी' ओठातल्या ओठात म्हणायचं. पकड झाली की ओरडायचं नाही, मार लागला तरी कण्हायचं नाही. धुळीत सात जणींच्या पायांचा आवाज आणि एकीची पुटपुट, एवढंच. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला जाणाऱ्या बायका बांधावरून बघायच्या. त्यातल्या एका आजीने माझ्या आयला सांगितलं, "तुझी पोर गुणाची हाय गो. पोरींना खेलता खेलता रोझरी शिकवते." रोझरी म्हणजे माळेचे मणी ओढत पुटपुटायचा आमचा जप. हे ऐकल्यावर शेवंती इतकी हसली की तिला उचकी लागली. मैदानात शिरताना आम्ही वाकून मातीला हात लावायचो आणि क्रूस करायचो. हिरू आणि शेवंती मातीचा हात कपाळाला लावायच्या. त्या आवाज नसलेल्या संध्याकाळी आमचा संघ खऱ्या अर्थाने एक झाला. कोणी कुठे झेप घेणार हे न बोलता कळायला लागलं. तसं पुन्हा कधी कोणाबरोबर मला जमलं नाही, नवऱ्याबरोबरही जमायला वर्षं लागली.

आणि मग तो रविवार. उपासकाळाच्या अखेरीला झाकतात तसे चर्चमधले पुतळे जांभळ्या कापडाने झाकलेले होते. फादरांनी सूचना वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव दुसऱ्या आळीतलं. दुसरं नाव वाचायच्या आधी ते थांबले, आणि मला वाटतं त्यांनी माझ्या बाकाकडे बघितलं. फिलोमिना. बापाचं नाव, आळीचं नाव, मग मुलाचं नाव, शेजारच्या गावचं. लग्न ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे आमच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. मी मागे वळून वर गायनमंडळाकडे बघितलं. फिलू समोर बघत होती. त्या दिवशी शेवटचं 'आमेन' सगळ्यांचं एकदम संपलं.

दुपारी मी तिच्या घरी गेले. तिची आय अंगणात चटईवर केळी उलटत होती. सोललेल्या केळ्यांचा तो गोड, जडसर वास अजून माझ्या घशात बसलेला आहे. मी बसले, पण चहा मागे सारला.

"मावशी, एकच दिवस. सामना संपला की मी हाताला धरून घरी आणून सोडते."

"आनि हात मोडला तर? तोंडावर खरचटलं तर? सोमवारी लगीन हाय. मी पोराच्या आयला काय सांगू?"

"नाही लागणार तिला. चढाईला तिच्यासारखी..."

"बाय, तू शिकलेली हायेस. नाव वाचल्यावर पोरगी मैदानात लोळतेय, हे चार गावांनी बघायचं? तुझी पोर असती तर पाठवली असतीस?"

बाई वाईट नव्हती. तिने मला निघताना पानात बांधून सुकेळी दिली. मागच्या दारी फिलू उभी होती, राखेने भांडी घासत. तिने वर बघितलं नाही.

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"बरा हाय. खरंच बरा हाय. हसतो." मग भांडं खाली ठेवून म्हणाली, "मना लगीन नको असं नाय गो. मना फक्त एक सामना पायजे. सात जनींनी मिळून एक. बस."

तो एक सामना तिला मिळवून द्यायचा, याशिवाय मला पुढचे दिवस दुसरं काही दिसत नव्हतं. फादरांकडे गेले, तिच्या मामाकडे गेले, तिच्या होणाऱ्या सासरच्या फाटकापर्यंत जाऊन आले आणि आत जायचा धीर न होऊन परतले. फादर म्हणाले, "हे मला व्यासपीठावरून सांगता येण्यासारखं नाही." कोणी मला हाकललं नाही, कोणी होही म्हटलं नाही. शाळेत पाढे घेताना मी मधेच थांबायची आणि मुलं माझ्याकडे बघत बसायची.

सामन्याच्या दिवशी आम्ही सहा जणी उतरलो. कमी गडी घेऊन खेळता येतं. सातवी आली तर पंचांना विचारून तिला मधेच घेता येतं. पंच बाहेरगावचे होते, त्यांनी आमच्या पुढे आल्या आल्या विचारलं, "सातवी?" मी म्हटलं, "यायची आहे." खोटं होतं की आशा होती, मला माहीत नाही. समोरचा संघ दांडगा होता. हिरूने दोन पाय असे धरले की लोकांनी चुकून टाळ्या वाजवल्या. मी स्वतः एकदा बाद होऊन बाहेर बसले, गुडघे उभे धरून. शेवंतीने एक गडी मारून मला जिवंत केलं. आम्ही मागे होतो, पण फार मागे नव्हतो.

तेवढ्यात बँडचा आवाज आला. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी आणायला बायका वाजतगाजत जातात, तेवढ्यापुरती नवरीही बाहेर पडते, आणि आमच्या आळीचं पाणी बावखलाचं. पलीकडच्या काठावर हंडे भरून परत निघालेली मिरवणूक बांधावरून थेट मैदानाच्या कडेला आली. ढोल असा वाजत होता की पंचांना चढाई करणारीचा दम ऐकू येईना. त्यांनी शिट्टी मारली, सामना थांबवला आणि हात वर करून बँडवाल्यांना थांबायला सांगितलं. एकदम सगळं शांत झालं.

बायकांच्या घोळक्यात फिलू होती. हातापायाला हळद, केसांत अबोली, अनवाणी. ती रेषेपर्यंत आली. पंचांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्या भल्या माणसाला काय ठाऊक! ते म्हणाले, "कॅप्टन, सातवी हीच का? घ्यायची असेल तर आत्ता घ्या."

फिलूचा उजवा पाय चुन्याच्या रेषेवर आला. अर्धा पाय आत होता. मी तोंड उघडलं, तिला हाक मारायला. तिची आय डोक्यावर तांब्याचा हंडा घेऊन उभी होती आणि त्यातलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडत होतं. ती माउली 'नको' म्हणाली नाही. तिने फक्त डोळे मिटून घेतले. फिलूने तिच्याकडे बघितलं आणि पाय मागे घेतला. तिच्या पिवळ्या पायाच्या बोटांना पांढरा चुना लागला होता. मिरवणूक पुढे निघाली. मैदान संपेपर्यंत बँडवाल्यांनी काही वाजवलं नाही.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो असं लोक म्हणाले. मला त्या हरण्याचं कधी फारसं वाटलं नाही. मला वाटतं ते त्या रेषेवरच्या पायाचं. दुसऱ्या दिवशी लग्नात फिलू छान दिसत होती, हसत होती, आणि तिचा नवरा खरोखरच बरा होता. मी पोटभर जेवले. मग पावसाळा आला, मैदानात भात लागला. पुढच्या मोसमात एकेक करत आमची नावं वाचली गेली, माझंही; हिरू आणि शेवंतीची लग्नं त्यांच्या रीतीने झाली. त्या सात जणी सामन्यासाठी एका मैदानात पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. खरं म्हणजे कधीच राहिल्या नाहीत. म्हणून हा वारा सुटला की मी आजही बोटांवर माणसं मोजते आणि सहाव्या बोटाशी अडते.

परवा रिया सोफ्यावर तोंड पाडून बसली होती. परीक्षा जवळ आल्या आणि घरोघरच्या आयांनी मोबाईल काढून घेतले. नागपूरची गेली, नेहाही गेली. "टीम बांधायला वर्ष लागलं आजी, आणि आठवड्यात मोडली." मी हसले तर ती चिडली. मग मी तिला फिलूचं सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ती आहे अजून?"

आहे ना. फिलू आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा नवरा गेला. मुलगे परदेशात. तेव्हापासून ती काळी साडी नेसून घरात बसून आहे. मिस्सालासुद्धा जात नाही, टीव्हीवर बघते. गुडघे दुखतात म्हणते. मी फोन करते, ती "बरं हाय" म्हणते, आणि दोघी गप्प बसतो. फोनवर गप्प बसणं मला जमत नाही, मी ठेवून देते.

"रिया," मी विचारलं, "तुमच्या खेळात पडलेल्याला जिवंत करायचं म्हणजे नक्की काय करतात?"

"जवळ जावं लागतं. लांबून होत नाही. आणि जवळ जाऊन तिथेच बसायचं. हललीस की कॅन्सल."

"अजिबात हलायचं नाही?"

"अजिबात नाही. तुला नाही जमणार आजी," ती म्हणाली, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

शनिवारी मी बस पकडून पश्चिमेला गेले. फिलू खिडकीजवळ खुर्चीत बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी म्हटलं, "अर्नाळ्याला चल. हिरूने बोलावलंय. तिच्या अंगणात बोंबील सुकतायत, म्हणाली दोघी या." फिलूने मान हलवली. पाय चालत नाहीत, लोक काय म्हणतील, वर्ष व्हायचंय. मी नेहमीसारखी वाद घालणार होते. मग तोंड मिटलं आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसले. बसूनच राहिले. पंखा कुरकुरत होता. उठावं, पाणी प्यावं, खिडकी उघडावी, काय काय मनात येत होतं. मी हलले नाही. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अशी काय बसलीस गो?"

"सगळ्यांत आधी तू बाद झालीस," मी म्हटलं. "जिवंत व्हायची पाळी तुझी आहे. घ्यायला आलेय."

फिलूने मान तिरकी केली. "आनि मना जिवंत करायला तू बाद कोनाला केलंस?"

"मी नाही. माझ्या नातीने केलंय. काल चौघांना मारलंय मोबाईलवर. ते आपल्या खात्यात धर."

तिच्या पोटातून जे हसू आलं ते आधी खोकल्यासारखं वाटलं. हसता हसता डोळे पुसले, काळ्या पदरानेच. मग खुर्चीचे हात धरून उठली. मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही. दारापाशी जाऊन थांबली, कंबरेत हात देऊन कशीबशी वाकली, उंबऱ्याला हात लावला आणि क्रूस केला. मग उजवा पाय बाहेर टाकला, आणि तिचे ओठ हलायला लागले. उपासकाळ होता, म्हणून आवाज अगदी हळू. शेजारच्या ओट्यावरच्या बाईंना वाटलं असेल, रोझरी म्हणतेय. फाटकापर्यंत तिचा दम तुटला नाही.